शाळेची जर्मनीची एक्सचेंज ट्रिप: मुलीला पाठवावं का?

वर्षा_नाशिक

नमस्कार मंडळी. लेक नववीत आहे, सहावीपासून शाळेत जर्मन शिकते. परवाच्या पालकसभेत शाळेने जाहीर केलं की पुढच्या मे महिन्यात पंचवीस मुलांना जर्मनीला नेणार. स्टुटगार्टजवळच्या एका गावातली शाळा आमची 'पार्टनर स्कूल' आहे म्हणे. बारा दिवस, माणशी दोन लाख सत्तर हजार. पत्रकात लिहिलंय: चार दिवस पार्टनर शाळा आणि यजमान कुटुंबात मुक्काम, मग हायडेलबर्ग, टिटलिस (स्वित्झर्लंडमधला बर्फाचा डोंगर), पॅरिस आणि परत. शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ आहे, 'पार्टनर शाळेचे विद्यार्थी यथावकाश भारतभेटीस येतील.'

लेक तेव्हापासून हवेत आहे. नवऱ्याचं म्हणणं, एवढ्या पैशात आपण चौघं सिंगापूरला जाऊन येऊ. सासूबाईंचा वेगळाच घोर, परक्या माणसांच्या घरी पोर ठेवायची कशी? पोरगी शाकाहारी आहे (केकमधलं अंडं चालतं), घरात तोंडाचा पट्टा चालू असतो पण बाहेर अगदी मुखदुर्बळ. एकटी रिक्षानेसुद्धा कधी गेलेली नाही.

आणि ती 'यथावकाश' वाली मुलं खरंच आली तर? आमचा टू बीएचके, माणसं पाच. त्यांच्याकडे म्हणे प्रत्येक मुलाला स्वतंत्र खोली असते. कुणी पाठवलं असेल, कुणी घरी ठेवून घेतलं असेल तर सांगा. पंधरा दिवसांत पहिला हप्ता भरायचा आहे.

कागदपत्रवाला

पाठवा की नको यावर माझं काही म्हणणं नाही. पण हप्ता भरण्याआधी पासपोर्ट काढून बघा. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो, आणि तिसरीत काढलेला नववीत संपलेला असतो हे पालकांना ऐन वेळी कळतं. शेंगेनमधून (म्हणजे जर्मनी, फ्रान्स, स्वित्झर्लंड वगैरे एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांतून) बाहेर पडायच्या तारखेनंतर किमान ३ महिने मुदत हवी आणि दोन कोरी पानं हवीत.

अर्जावर आई-वडील दोघांच्या सह्या लागतात. बारा वर्षं पूर्ण झालेल्यांना बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. विमा किमान ३०,००० युरोचा. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. मे महिन्यासाठी सगळा महाराष्ट्र युरोपला निघालेला असतो, तेव्हा शाळा एप्रिलपर्यंत थांबणार असेल तर आत्ताच मागे लागा.

आता पैशाचं. शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांना ९० युरो आहे, पण शिक्षणासाठी जाणारी शाळकरी मुलं आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक यांना ती माफ असते. व्हीएफएसचं, म्हणजे व्हिसाचे अर्ज गोळा करणाऱ्या कंपनीचं सेवाशुल्क मात्र भरावंच लागतं. तुमच्या खर्चात व्हिसा फी धरली आहे का ते विचारा. गंमत अशी की टिटलिस आणि पॅरिस घुसडल्यावर हा प्रवास 'शिक्षणासाठी' म्हणून खपेलच असं नाही. शिवाय ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. जर्मनीत नक्की किती रात्री आहेत ते मोजा.

पॅकेज टूर कंपनीमार्फत असेल तर टीसीएस, म्हणजे टूरच्या पैशांसोबत आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापतील. तो बुडत नाही, ज्याच्या पॅनवर कापला त्याच्या विवरणपत्रात वळता होतो. पावती जपून ठेवा.

पक्या_डोंबिवली

टिटलिसवर अर्धा तास बर्फ, दोन तास रांग आणि मग जेवणात पनीर मखनी. स्वानुभव. इतकंच बोलून खाली बसतो.

जर्मनच्या बाई

वर्षाताई, माझी सगळी नोकरी पुण्यातल्या शाळांत जर्मन शिकवण्यात गेली. मुलं तिकडे नेणं आणि तिकडची इकडे सांभाळणं, दोन्ही केलंय. त्यामुळे जरा लांबण लावते.

पत्रकाबद्दल पहिली शंका मला पैशांची आली नाही. बारातले चार दिवस शाळा आणि बाकीचे टिटलिस-पॅरिस, ही सहल झाली. सहलीत वाईट काही नाही, पण मग तिला सहल म्हणावं आणि चार टूरवाल्यांकडून भाव काढून ताडून बघावं. एक्सचेंज म्हणजे तुमची मुलगी त्यांच्या घरी राहते, त्यांच्या मुलीबरोबर सकाळी पावणेआठ-आठला वर्गात जाऊन बसते, आणि पुढे ती मुलगी तुमच्या घरी येऊन तेवढेच दिवस राहते. राहण्या-जेवणाचं कुणी कुणाला बिल लावत नाही, कारण फेड माणसांनी व्हायची असते. म्हणून खऱ्या एक्सचेंजचा खर्च म्हणजे विमानाचं तिकीट, विमा, व्हिसाचं शुल्क आणि तिथलं थोडं फिरणं. शाळेकडे खर्चाचा ब्रेकअप मागा. हॉटेल आणि बस हेच मोठे आकडे निघाले तर काय ते समजा.

तुम्ही ज्या ओळीला घाबरलात, 'यथावकाश भारतभेटीस येतील', ती ओळ माझ्या मते त्या पत्रकातली सगळ्यात महत्त्वाची. आणि तीच बारीक अक्षरांत! शाळेला विचारा: ते कधी येणार, किती जण, कुणाच्या घरी? यापूर्वी आले होते का? तिकडच्या ज्या शिक्षकांशी ठरलंय त्यांचं नाव काय, आणि त्यांच्याशी मुलांचा एखादा व्हिडिओ कॉल झालाय का? चांगल्या एक्सचेंजमध्ये जोड्या आधीच लागतात. 'माझ्याकडे मांजर आहे, तुला चालेल का' इथपासून मुली एकमेकींशी बोलत असतात. विमानातून उतरल्यावर जोड्या लावणाऱ्या शाळाही मी पाहिल्यात. तिथे मुलं पहिले दोन दिवस पाहुण्यासारखी अवघडून बसतात, आणि चार दिवसांचा मुक्काम असेल तर मग उरलं काय?

तारखाही तपासा. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेनबर्गमध्ये मेच्या उत्तरार्धात किंवा जूनच्या सुरुवातीला साधारण दोन आठवडे सुट्टी असते. आपली उन्हाळ्याची सुट्टीही नेमकी याच काळात चालू असते. त्या पंधरवड्यात गेलात तर पार्टनर शाळेला कुलूप. एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा गाठता आला तर उत्तम. ते लोक आपल्याकडे मेमध्ये चुकूनही येऊ नयेत. त्यांची शरदातली सुट्टी ऑक्टोबरअखेरीस असते, एखाद्या वर्षी ती दिवाळीला लागून येते, मग तर सोन्याहून पिवळं.

आता मुखदुर्बळ मुलीबद्दल. भाषेचं ओझं घेऊ नका. ए१-ए२ (भाषेच्या पहिल्या दोन पातळ्या) झालेल्या मुलांना दुकानात, ट्राममध्ये निभावता येतं आणि तिकडची मुलं बऱ्यापैकी इंग्रजी बोलतात. अडतं ते भलतीकडेच. आमच्या गटात एक मुलगा होता, खात्यापित्या घरचा, दोन चपात्या जास्तच खाणारा. तिसऱ्या रात्री त्याच्या यजमानीणबाईंचा मला फोन: याला माझ्या हातचं आवडत नाही का? काहीच घेत नाही. त्याला बाजूला घेऊन विचारलं तर रडवेला होऊन म्हणाला, "बाई, त्या एकदाच विचारतात." आपल्याकडे पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, मग आजी वाढते, मग 'अर्धीच' म्हणायचं, आणि मग दोन खायच्या. तिकडे 'नको' म्हटलं की ताट उचललं. त्यात अपमान नाही, उलट तुमच्या शब्दाचा मान आहे. त्या पोराने तीन रात्री बॅगेतल्या डिंकाच्या लाडवांवर काढल्या होत्या. चौथ्या दिवशी त्याने पहिल्याच विचारण्याला 'हो' म्हटलं आणि बाईंनी मला फोटो पाठवला, पुढ्यात केझश्पेत्सलं, म्हणजे चीज घातलेल्या घरगुती शेवयांसारखं काहीतरी, आणि गडी घासात दंग. तेव्हा लेकीला घरी आत्तापासून सवय लावा. हवं असेल तर पहिल्यांदाच हो म्हणायचं. आणि नको तेव्हा नको, तेही एकदाच.

रात्रीचं जेवण बहुतेक घरांत थंड असतं: पाव, चीज, काकडी, टोमॅटो. आईच्या फोनवर 'आज काय जेवलीस' याचं उत्तर 'पाव' असंच येणार, हे धरून चाला. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारासही उजेड असतो, त्यामुळे मुलांना जेवायची वेळ झालीय हेच कळत नाही.

यजमान कुटुंबाकडून एक संमतिपत्र येईल. मुलीला पोहता येतं का, सायकलवर पाठवली तर चालेल का, मोठ्यांशिवाय ट्रामने गेली तर चालेल का. आपले पालक सगळ्याला 'नाही' लिहून मोकळे होतात. मग होतं काय, यजमान मुलगी मैत्रिणींबरोबर तळ्यावर जाते आणि आपली मुलगी तिच्या आईबरोबर घरात बसते. नीट वाचून उत्तरं द्या. तिकडे चौदा वर्षांची मुलं एकटी फिरतात, हे निष्काळजीपणाचं लक्षण नाही. जायच्या आधी तिला नाशकात सिटीलिंकच्या बसने एकटीला क्लासला जाऊ द्या, बदलून जावं लागेल अशा ठिकाणी. हे काम शाळा करणार नाही, तुम्हालाच करावं लागेल. दुसरी गोष्ट बिअरची. तिथे बिअर आणि वाइन १६ वर्षांपासून कायदेशीर आहे, घरच्या टेबलावर बाटली दिसेल. गटाचा नियम शिक्षकांनी यजमानांना आधीच लेखी कळवलेला असावा. एवढं केलं की त्या गोष्टीचा बाऊ करायचं कारण नाही.

राहिला तुमचा टू बीएचके. मुलीच्या खोलीत मुलीच्या गादीशेजारी दुसरी गादी. संपलं. जर्मन मुलांनी जागा लहान म्हणून तक्रार केल्याचं मला आठवत नाही. तक्रार असते ती एकटं न सोडल्याची. आमच्याच सोसायटीत एक पाहुणी मुलगी उतरली होती. तिसऱ्या दिवसापर्यंत तिला चार मजल्यांवरच्या काकवांनी चहाला नेलं, ओटी भरली, दोघींनी साडी नेसवून फोटो काढले. संध्याकाळी ती गॅलरीत हेडफोन घालून पाठमोरी बसली. घरच्या आईला वाटलं रुसली. ती धावत माझ्याकडे आली, म्हणाली, आमचं काय चुकलं हो? काही नाही. तिला अर्धा तास कुणी नको होतं, बस. दार लोटून बसू द्या, 'काय झालं' विचारायला कुणाला आत पाठवू नका. दिवाळीत असेल तर पहाटेच्या अंघोळीचं आदल्या रात्री सांगून ठेवा. पहाटे पाचला अंगाला तेल लावायला कुणीतरी उठवतंय हा धक्का मोठा असतो. त्या मुलीला मात्र उटणं इतकं आवडलं की पुडे भरून घेऊन गेली.

पाणी उकळून किंवा सीलबंद, डासांची जाळी, पहिले दोन दिवस कमी तिखट. बाकी वरण-भात-तूप कुणालाही चालतं. आणि एक कायद्याचं: परदेशी पाहुणा घरी उतरला की २४ तासांत ऑनलाइन नोंद करावी लागते, ज्याला सगळे फॉर्म सी म्हणतात. ती पाहुणा ठेवून घेणाऱ्या घराची जबाबदारी. शाळेने सगळ्या घरांची एकत्र बसून करून घेतली तर तुमचा त्रास वाचेल.

नेकारकाठचा_मराठी

स्टुटगार्टजवळ राहतो, म्हणून पलीकडच्या बाजूने थोडं. (स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. इथल्या लोकांना 'मुंबईजवळून आले' म्हटलं की बरं वाटतं. नाशिकला जवळ म्हणायचं का, ते तुमचं तुम्ही ठरवा.)

बाईंनी जेवणाचं लिहिलंच आहे. दोन गोष्टी वाढवतो. इथली फेमस डिश माउलटाशन, दिसते मोठ्या करंजीसारखी, हिरवं सारण पालकाचं वाटतं, पण आत मांस असतं. जुनी थट्टा अशी की उपासाच्या दिवसांत देवाला दिसू नये म्हणून मांस पिठात लपवलं. शाकाहारी प्रकार मिळतो, पण विचारून घ्यायचा. आणि गमी बेअरच्या गोळ्या! पोरं मूठमूठ खातात, बहुतेकांत जिलेटिन असतं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून केलेलं. घरात चालत नसेल तर तिला पाकीट वाचायला शिकवा.

भेट म्हणून काय न्यावं हा प्रश्न पुढच्या महिन्यात येईलच. मे महिना म्हणून हापूसची पेटी द्यायचा मोह होणार. आणू नका. युरोपीय संघात सामानातून ताजी फळं आणायला पिकांच्या आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच सूट आहे. पेढे, तूप, खवा, पनीरही नाही, दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला बंदी आहे. बाकरवडी, चिवडा, चिक्की बिनधास्त. माझ्या आईचे कंदी पेढे फ्रँकफर्टला कचऱ्यात गेले तेव्हा ती फोनवर माझ्यापेक्षा कस्टमवाल्यालाच जास्त बोलली.

घरात शिरताना बूट काढतात, तेवढं आपल्यासारखं. नळाचं पाणी पितात. बाटलीचं घेतलं तर बहुधा सोडावालं निघतं. कचरा चार ठिकाणी वेगळा टाकतात आणि कुठलं काय कुठे हे मुलीने विचारलं तर यजमान खूश होतात. कोणाच्या घराच्या दारावर 'केअरवोखऽ' ची पाटी लटकलेली दिसली तर त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी त्या घराची. यजमान मुलगी झाडू घेऊन निघाली तर आपल्या मुलीनेही दुसरा झाडू उचलावा. ओळख व्हायला तेवढा एक जिना पुरतो.

रविवारी दुकानं बंद. पॅड, औषधं, सिमकार्ड हे सगळं शनिवारच्या आत.

तेव्हाची_दहावी_ब

मी गेले होते, शाळेतून, आणि मीही लाजाळूच होते. आई-बाबांना एकच सांगते, रोज रात्री व्हिडिओ कॉल लावायचा नियम करू नका. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीच्या घरून रोज साडेनऊला कॉल यायचा (तिथले सहा), आणि नेमकं तेव्हाच यजमान घरी सगळे बागेत बसलेले असायचे. ती रोज उठून आत जायची. मला घरून दोन दिवसांनी एक मेसेज यायचा. घरची आठवण मला कमी आली असं नाही, पण बागेत मी होते.

वर्गात गप्प बसू नको हेही सांगा तिला. तिकडे तोंडी सहभागाला गुण असतात, त्यामुळे मुलं चुकीचं उत्तरही हात वर करून देतात. आणि १ म्हणजे सगळ्यात चांगला, ६ म्हणजे सगळ्यात वाईट. माझी यजमान मैत्रीण 'मला चार मिळाले' म्हणून रडत होती आणि मी अभिनंदन केलं.

ती नंतर आमच्याकडे आली होती. आमचं घर चाळीतलं, वापरायचा संडास बाहेर. बाबा महिनाभर आधी झोपले नव्हते. ती आली, दुसऱ्या दिवशी शेजारच्या पोरांबरोबर जिन्यात पत्ते खेळत होती. अजून बोलतो आम्ही.

वर्षा_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. बाई, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. उटण्याच्या जागी आल्यावर त्यांचा सूर बदलला, आता 'ती मुलगी कधी येणार' असं विचारतायत.

काल मुख्याध्यापकांना भेटून आलो. पासपोर्टची मुदत खरंच संपतेय, नवऱ्याने तिथूनच अपॉइंटमेंट घेतली. ब्रेकअप दिला, तिकिटानंतरचा मोठा आकडा हॉटेल आणि कोचचाच आहे. पार्टनर शाळेच्या शिक्षिकेचं नाव दिलं, ईमेलही दाखवले, म्हणजे शाळा खरी आहे. पण त्यांची मुलं येणार का, याला उत्तर 'पालकांची तयारी दिसली तर बोलू' असं मिळालं. पॅरिस काढून टाका म्हटलं तर बाकीच्या पालकांना पॅरिसच हवंय. चार दिवसांचे सहा करू म्हणाले, बघू.

आता पाठवू का?

जर्मनच्या बाई

सहा झाले तर पाठवा. पण ते सहा दिवस सुरुवातीला घ्यायला लावा, शेवटी नको. शेवटी ठेवले तर मुलं पॅरिसहून दमून येतात आणि यजमानांच्या घरी झोपा काढतात. आत्ताचा क्रम पत्रकात बरोबर आहे, तो बदलू देऊ नका. टूरवाले विमानाच्या सोयीने फिरवतात.

आणि 'पालकांची तयारी' म्हणालेत ना, मग त्यांना तयारी दाखवा. घरी ठेवून घेऊ अशा आठ-दहा घरांच्या सह्यांचं पत्र हप्त्याच्या आधी शाळेला द्या, त्याची प्रत त्या शिक्षिकेला पाठवायला सांगा. तिकडच्या शाळेलाही वरिष्ठांकडे असंच काहीतरी दाखवायला लागत असतं. पहिली सही सासूबाईंची घ्या.

वर्षा_नाशिक

पालकांच्या ग्रुपवर टाकलंय. आत्तापर्यंत पाच घरं हो म्हणाली. दोघांनी विचारलं, मुलगाच येईल असं सांगता येईल का. एकाने विचारलं, एसी नसेल तर चालेल का.

पक्या_डोंबिवली

ऑक्टोबरअखेर येणार असतील तर चालेल. मेमध्ये आली तर एसीवाल्याच्या घरी पंचवीसही मुलं.